बावन्न गोंडे आणि एक यादी

दिवाळीत आपल्या घरी पणत्या लागतात, तशाच त्या अमृतसरच्या सुवर्णमंदिरातही लागतात. मात्र शीख बांधव त्या रात्री आणखी एक आठवण जागवतात. ते या सणाला ‘बंदी छोड दिवस’ म्हणतात. सहावे गुरू हरगोविंद यांना बादशहा जहांगीरने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद करून ठेवले होते. पुढे त्यांना सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हा गुरू म्हणाले, “माझ्याबरोबर इथे बावन्न राजे कैदेत आहेत. त्यांना सोडून मी एकटा बाहेर पडणार नाही.” बादशहाने अट घातली, की जेवढे जण गुरूंच्या वस्त्राला धरून बाहेर पडतील तेवढे सुटतील. गुरूंनी काय करावे? त्यांनी बावन्न गोंडे लावलेला अंगरखा शिवून घेतला! एकेका गोंड्याला एकेक राजा धरून उभा राहिला आणि त्रेपन्न माणसे एका अंगरख्याच्या आधाराने किल्ल्याच्या दाराबाहेर आली, अशी शिखांची परंपरागत कथा आहे.

ही कथा इथे सांगण्याचे कारण असे, की याच समाजाची विसाव्या शतकातली एक कहाणी थेट या कथेच्या वळणाने गेली आहे. तिथे किल्ला नव्हता, बादशहाही नव्हता. होती ती एक साधी कागदी यादी, मतदारांची. त्या यादीत नाव यावे म्हणून आपल्या देशापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या मूठभर माणसांनी चाळीस वर्षे धीर धरला. आपल्या घरी मतदानाच्या दिवशी सकाळी “जायचे की नाही?” असा वाद रंगतो, म्हणून ही हकिकत सणाच्या फराळाबरोबर वाचावी अशी आहे.

लाकडाच्या गिरणीतला पहिला घास

कॅनडाच्या पश्चिम टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी, ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. उंचच उंच झाडांची जंगले, पाऊस आणि लाकूड कापण्याच्या गिरण्या, अशी त्याची त्या काळची ओळख. १९०३-०४ च्या सुमारास पंजाबातून शीख माणसे तिकडे जाऊ लागली. बरेचसे शेतकरी होते, काही पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई होते. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातला, आपणही त्याच साम्राज्याचे प्रजाजन. तेव्हा तिथे आपल्याला कोण अडवणार, असा त्यांचा भाबडा हिशेब होता. त्यांनी ओंडके ओढले, रेल्वेचे रूळ टाकले, जंगल तोडून जमीन मोकळी केली. १९०६ मध्ये त्यांनी ‘खालसा दिवाण सोसायटी’ स्थापन केली आणि १९०८ च्या जानेवारीत व्हँकूव्हर शहरात आपला गुरुद्वारा उघडला. पोटाला भाकरी आणि देवाला घर, एवढी सोय झाली.

पण माणसे वाढू लागली तशी स्थानिक गोऱ्या लोकांच्या कपाळाला आठी पडू लागली. ही माणसे कमी मजुरीत काम करतात, आपली भाकरी पळवतात, अशी ओरड सुरू झाली. १९०७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने निवडणुकीचा कायदाच दुरुस्त केला आणि हिंदुस्थानातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेतला. गंमत पाहा! कायद्यात शब्द वापरला होता ‘हिंदू’. शीख असो, मुसलमान असो, त्या कायद्याच्या नजरेला सगळे हिंदूच. ज्यांना आपल्या घरी एकमेकांचे वेगळेपण जपण्याची हौस, त्यांना परक्याने एका फटकाऱ्यात एका रांगेत उभे केले.

एका यादीत किती कुलपे!

“मत गेले तर गेले, पोट तर चालते आहे ना?” असे कोणी म्हणेल. त्या काळी तिथल्याही कित्येकांना तसेच वाटले असणार. पण हळूहळू ध्यानात येऊ लागले, की ही यादी म्हणजे नुसती मतदारांची यादी नव्हे. ती किल्ल्यांचा जुडगा आहे. त्या प्रांतात वकील व्हायचे, तर मतदारयादीत नाव येण्याची पात्रता हवी. औषधांचे दुकान चालवणारा फार्मसिस्ट व्हायचे, तरी तेच. न्यायालयात ज्यूरीवर बसायचे, शाळेच्या मंडळावर निवडून यायचे, सरकारी कामाचे कंत्राट घ्यायचे, तर पुन्हा यादी! आणि देशाच्या संसदेच्या निवडणुकीसाठी पुढे असा नियम झाला, की प्रांताने ज्याला वंशामुळे वगळले, त्याला देशाच्या निवडणुकीतही मत नाही. म्हणजे एक कुलूप लागले आणि घरातल्या साऱ्या खोल्या बंद झाल्या.

ज्याला मत नाही त्याची तक्रार ऐकायला पुढाऱ्याला वेळ कुठून असणार? मत काढल्यानंतर वर्षभरातच, १९०८ मध्ये, असा नियम आला की कॅनडात उतरणाऱ्याने आपल्या देशातून थेट, मधे बोट न बदलता आले पाहिजे. हिंदुस्थानातून तशी थेट बोट जवळजवळ नव्हतीच! नियमात कुठेही ‘हिंदी माणसाला बंदी’ असे शब्द नव्हते, पण परिणाम तोच. १९१४ मध्ये बाबा गुरदित्तसिंग यांनी ‘कोमागाता मारू’ नावाचे जपानी जहाज भाड्याने घेऊन ३७६ प्रवासी तिकडे नेले. ते २३ मे रोजी व्हँकूव्हरच्या बंदरात पोचले. त्यांतल्या जेमतेम वीस-पंचवीस जणांना उतरू दिले. बाकीचे दोन महिने किनारा डोळ्यांसमोर असताना पाण्यावरच तिष्ठत राहिले. किनाऱ्यावरच्या बांधवांनी घरोघर पैसे जमवले, वकील दिला. पण २३ जुलैला जहाज परत पाठवण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरताना त्या दमल्याभागल्या माणसांवर गोळीबार झाला आणि त्यांत अनेकजण प्राणाला मुकले.

बायकामुलांना आणण्याची वाटही कित्येक वर्षे बंदच होती. पहिल्या महायुद्धानंतर ती जराशी किलकिली झाली. तरुण म्हणून गेलेली माणसे एकटीच म्हातारी झाली. एके काळी पाच हजारांवर असलेली वस्ती १९४१ पर्यंत दीड हजाराच्या आसपास येऊन ठेपली.

पुण्याहून गेलेला पाहुणा

या कहाणीला आपल्या पुण्याचा एक धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्याला ‘भारत सेवक समाज’ स्थापन केला. १९१५ मध्ये गोखले गेल्यावर त्याचे अध्यक्षपद मद्रासकडचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आले. १९२१ मध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेत शास्त्र्यांनी प्रश्न उभा केला, की साम्राज्यातल्या वसाहतींत कायदेशीरपणे राहणाऱ्या हिंदी माणसाला नागरिकत्वाचे हक्क का नसावेत? दक्षिण आफ्रिकेखेरीज इतरांनी तो ठराव मानला. ठराव कागदावर राहू नये म्हणून १९२२ मध्ये शास्त्री ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाचा दौरा करून आले. ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये आपल्याकडच्या हिंदी रहिवाशांना मत दिले. कॅनडाने मात्र गोड शब्दांपलीकडे काही दिले नाही. ब्रिटिश कोलंबियाचे दार बंदच राहिले.

आणि त्याच १९२५ साली पंजाबात काय घडत होते? गुरुद्वाऱ्यांचा कारभार महंतांच्या हातून काढून लोकनियुक्त समितीकडे देणारा कायदा झाला. त्या समितीच्या निवडणुकीत शीख स्त्रियांनाही मत मिळाले. अमृतसरच्या एखाद्या खेड्यातली माउली आपल्या धर्मस्थानाच्या कारभाऱ्यांसाठी मत देऊ शकत होती, आणि तिचा व्हँकूव्हरमधला मुलगा, कर भरूनही, साध्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकत नव्हता!

एकाचे नव्हे, सगळ्यांचे

दुसऱ्या महायुद्धाने वारे फिरले. सरकारने तरुणांना सैन्यात बोलावणे सुरू केले, तेव्हा गुरुद्वाऱ्यातून रोकडा सवाल आला: जिथे मत द्यायला आम्ही नालायक, तिथे मरायला लायक कसे? पहिल्या महायुद्धातही बुक्कमसिंगसारखे मोजके शीख कॅनडाच्या पलटणीतून लढले होते. १९१९ मध्ये वारलेल्या बुक्कमसिंगची कबर ऑन्टारियोतल्या किचनर गावी आहे.

या लढ्यात निरनिराळ्या तऱ्हेची माणसे एकत्र आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मेयोसिंग आणि कपूरसिंग हे लाकडाच्या धंद्यात नावारूपाला आलेले कारखानदार. त्यांतल्या मेयोसिंगने व्हँकूव्हर बेटावरच्या गिरणीच्या गावाला होशियारपूर जिल्ह्यातल्या आपल्या खेड्याचे ‘पालदी’ हे नाव दिले होते. दुसरीकडे दर्शनसिंग संघा हा गिरणीकामगारांच्या युनियनचा तरुण कार्यकर्ता. कायद्याची बाजू सांभाळायला आले डॉ. डी. पी. पांडिया. ते शीखही नव्हते नि पंजाबीही नव्हते. ते दक्षिणेकडचे, तमिळ वकील. मालक, मजूर आणि मदतीला धावलेला परप्रांतीय, असे हे त्रिकूट. १९४३ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ प्रांताचे मुख्यमंत्री जॉन हार्ट यांना जाऊन भेटले. गोऱ्या कामगारांच्या युनियननेही पाठिंबा दिला. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या भाकरीची भीती घालून मत काढून घेतले होते, त्यांतलेच काहीजण आता खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

१९४५ मध्ये सरकार थोडे हलले. जे सैन्यात लढले, त्यांना तेवढे मत मिळाले. इथे कोणी म्हणाले असते, “चला, काही तरी पदरात पडले!” पण ग्वाल्हेरच्या किल्ल्यातली गोष्ट ज्यांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली, ते एवढ्यावर थांबणारे नव्हते. मागणी सगळ्यांसाठी चालूच राहिली. अखेर २ एप्रिल १९४७ रोजी ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने हिंदी आणि चिनी वंशाच्या रहिवाशांचा मताधिकार परत दिला. इकडे आपल्या स्वातंत्र्याला अजून साडेचार महिने अवकाश होता. १९२२ मध्ये दार ठोठावून आलेले श्रीनिवास शास्त्री हे पाहायला नव्हते. आदल्याच वर्षी, १७ एप्रिल १९४६ रोजी, त्यांचे देहावसान झाले होते. १९४९ च्या जूनमध्ये प्रांताची आणि देशाची अशा दोन्ही निवडणुका झाल्या. त्या वेळी कित्येक पांढऱ्या दाढ्यांचे आजोबा आयुष्यात प्रथमच मतपेटीसमोर उभे राहिले असतील.

फळे लवकर आली

हक्क मिळाला, पण तो वापरला तरच त्याला फळ. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, मिशन नावाच्या गावात नरंजनसिंग ग्रेवाल नगरमंडळावर निवडून आले आणि १९५४ मध्ये गावाचे प्रमुख झाले. त्या गावात बहुतेक मते गोऱ्यांचीच होती!

शेजारच्या अमेरिकेतही असेच घडत होते. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावचे दलीपसिंग सौंद १९२० मध्ये शिकायला गेले, गणिताचे डॉक्टर झाले. पण हिंदी माणसाला तिथे नागरिकत्वच मिळत नसे, म्हणून कॅलिफोर्नियात शेती करू लागले. १९४६ मध्ये कायदा बदलला, त्यासाठी सौंद स्वतः झटले. १९४९ च्या डिसेंबरात ते नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंड गावाने त्यांना न्यायाधीश म्हणून निवडून दिले, पण नागरिक होऊन वर्ष पुरे झाले नाही म्हणून ते पद हुकले. दोन वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. १९५६ मध्ये तर त्यांनी जॅकलीन कॉक्रन या जगप्रसिद्ध वैमानिक बाईंचा पराभव करून अमेरिकन काँग्रेसमध्ये जागा मिळवली!

कॅनडात पुढची पायरी चढायला आणखी एक पिढी जावी लागली. १९८६ मध्ये मो सिहोटा ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळात गेले. ज्या विधिमंडळाने १९०७ मध्ये मत काढून घेतले, तेच हे! १९९३ मध्ये गुरबक्षसिंग मल्ही पगडीसह संसदेत बसणारे पहिले शीख खासदार झाले. २००० मध्ये उज्ज्वल दोसांझ त्याच ब्रिटिश कोलंबियाचे मुख्यमंत्री झाले. २०१५ मध्ये हरजितसिंग सज्जन देशाचे संरक्षणमंत्री झाले. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून कोमागाता मारूच्या प्रवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. २०२१ च्या खानेसुमारीत कॅनडातील शिखांची संख्या पावणेआठ लाखांच्या जवळपास, म्हणजे शेकडा दोनहून थोडी अधिक, भरली.

आता अडचण कसली?

मग आता सारे सुरळीत झाले का? कायद्याचे कुलूप निघाले, पण मनातली कुलपे उरली आहेत. हक्क परत मिळवणाऱ्या आजोबांना त्याची किंमत कळत होती. नव्याने आलेल्या माणसाला ती कशी कळावी? तो दिवसा ट्रक चालवतो, रात्री हिशेब करतो. निवडणूक म्हटली की त्याच्या डोळ्यांसमोर पंजाबातल्या आपल्या गावचा सरपंच उभा राहतो.

शिवाय तिथे देशाच्या निवडणुकीत मत फक्त नागरिकाला. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिल्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आणि तिथले नागरिकत्व घेतले की हिंदुस्थानचे सोडावे लागते, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळते, त्यावर ये-जा करता येते. पण इथे मत देता येत नाही. आईच्या घरचा उंबरा ओलांडून सासरी जाणाऱ्या मुलीच्या मनात जी कालवाकालव होते, तीच इथे पोक्त बाप्यांच्या मनात होते. कित्येकजण वर्षानुवर्षे अर्ज पुढे ढकलतात. परिणाम हा, की इकडचे मत देता येत नाही आणि तिकडचे घेतलेले नसते.

म्हणून जाणती मंडळी सांगत असतात: तिथे घर घेतलेत, मुले तिथल्या शाळेत घातलीत, कर तिथे भरता; मग शाळा कशी चालावी हे ठरवताना तुम्ही गप्प का? गुरुद्वाऱ्याच्या लंगरात सगळे एका पंक्तीला बसतात. त्याहून चांगली प्रचाराची जागा कोणती? तिथे कार्यकर्ते टेबल मांडून बसतात, अर्ज भरून देतात, कागद समजावून सांगतात. मात्र एक मर्यादा पाळावी लागते. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने अमुक पक्षाला मत द्या असे सांगायचे नाही, असा कॅनडाचा कायदा आहे. “मत द्या” म्हणावे. “कोणाला” ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडावे.

नोंदणीची तिथली रीत तशी सोपी. आयकराचे विवरण भरताना एका चौकोनात खूण केली, की नाव-पत्ता मतदार नोंदवहीकडे आपोआप जातो. चौदा ते सतरा वर्षांच्या नागरिक मुलांनाही आधीच नाव घालून ठेवता येते. अठरावे लागले की ते मतदार. मतदानाच्या दिवशी ध्यानात आले की नाव नाही, तरी ओळख आणि पत्त्याचा पुरावा दाखवून तिथल्या तिथे नोंद होते. मालकाने नोकराला मतदानासाठी सलग तीन तास मोकळे मिळतील अशी व्यवस्था केली पाहिजे, असाही कायदा आहे.

अंगरख्याची दुसरी बाजू

पण खरे लिहायचे, तर एक सावधगिरीही सांगायला हवी. समाज एकत्र मत देतो असे दिसले, की पुढारी त्याला गठ्ठा समजू लागतात. निवडणुकीच्या महिन्यात गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून हात जोडणारे उमेदवार रांगेने येतात. निकाल लागला की गरज सरो, वैद्य मरो! समाजातलेही काही मातब्बर “माझ्या खिशात इतकी मते आहेत” म्हणत सौदा करतात. पक्षाचा उमेदवार निवडताना घाईघाईने सभासद भरण्याचे प्रकारही होतात आणि त्यावर टीकाही होते. असे प्रकार अर्थात एकाच समाजापुरते नाहीत.

यावर उपाय मत न देणे हा नव्हे. उपाय आहे प्रत्येकाने स्वतःचे मत स्वतः ठरवून देणे. आजोबा एकाला देतील, सून दुसऱ्याला देईल, नातू तिसऱ्याला. गुरूंच्या अंगरख्याला बावन्न गोंडे होते. एकच लांब दोरी नव्हती. प्रत्येकाच्या मुठीत त्याचा त्याचा गोंडा होता. एकत्र बाहेर पडायचे, पण ज्याचा त्याचा गोंडा ज्याने त्याने धरायचा.

आणि आपण?

वाचकहो, ही कहाणी परमुलखातली. पण फराळाचे ताट बाजूला ठेवताना एक प्रश्न आपणही आपल्याला विचारू या. आपल्याला हा हक्क एका पैशाच्या भांडणाशिवाय, वयाला अठरा वर्षे झाली म्हणून मिळतो. मतदानाची सुटी लागली की आपली पावले कित्येकदा मतदानकेंद्राकडे न वळता लोणावळ्याकडे वळतात. घर बदलले, भाडेकरार झाला, गॅसचा पत्ता बदलला. मतदारयादीतला पत्ता मात्र जुन्याच चाळीत राहतो. मग ऐनवेळी “आमचे नावच नाही हो यादीत!” म्हणून आपण सरकारवर तोंडसुख घेतो.

नवीन नाव घालायला नमुना सहा, पत्ता बदलायला नमुना आठ; घरबसल्या भरता येतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी कोणत्याही तारखेला अठरा पुरी होणाऱ्याचे नाव त्या वेळी घालता येते. मुलगा परदेशी असेल आणि त्याने आपले नागरिकत्व सोडले नसेल, तर नमुना सहा-अ भरून त्याचेही नाव राहू शकते; मत द्यायला मात्र त्याला स्वतः यावे लागते. भाऊबीजेला सगळी एका घरात जमतीलच. ओवाळणी झाली की दहा मिनिटे काढावी आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे ना, हे एकदा पाहावे.

व्हँकूव्हरच्या त्या पांढऱ्या दाढीच्या आजोबांना यासाठी चाळीस वर्षे लागली. आपल्याला दहा मिनिटे पुरतील.